घड्याळात तीस सेकंद: वेळेच्या टंचाईत एंडगेम कसा खेळावा

बुद्धिबळाचा एंडगेम, म्हणजे मोजकेच मोहरे उरलेला डावाचा शेवट: पटावर दोन्हीकडे एकेक हत्ती, तीन-तीन प्यादी, आणि घड्याळात चाळीस सेकंद. इथे सर्वोत्तम खेळी शोधत बसलेला खेळाडू बहुतेक वेळा हरतो. दर खेळीला चार सेकंद दिले तरी दहा खेळ्यांत झेंडा पडतो, म्हणजे वेळ संपते, आणि हत्तींचा शेवट दहा खेळ्यांत उरकत नाही. म्हणून टंचाईतला खेळ वेगळ्या पायावर उभा करावा लागतो: पटावर बसून घ्यायचे निर्णय कमी करायचे. जे घरी ठरवता येते ते घरी ठरवून यायचे, डावात विचार एकदाच आणि योग्य जागी करायचा, आणि उरलेल्या खेळ्या सवयीने हातातून निघाल्या पाहिजेत.

आधी घड्याळ ओळखा

तीस सेकंद उरणे म्हणजे नेमके काय, हे इन्क्रिमेंटवर, म्हणजे दर खेळीला मिळणाऱ्या जादा सेकंदांवर, ठरते. स्टँडर्ड, म्हणजे लांब वेळेच्या, डावात दर खेळीला ३० सेकंद मिळत असतील तर तीस सेकंद ही अडचण आहे, संकट नाही. जागतिक रॅपिड स्पर्धा १५ मिनिटे अधिक १० सेकंदांची असते आणि ब्लिट्झ ३ मिनिटे अधिक २ सेकंदांची. पटावर मोहरा हलवून घड्याळ दाबायला साधारण एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे दोन सेकंदांच्या इन्क्रिमेंटवर, तंत्र पाठ असेल तर, घड्याळ तीनवर असले तरी वेळ संपत नाही. हळूहळू वाढतेसुद्धा. इन्क्रिमेंट शून्य असेल तर गणित उलटे होते: उरलेले सेकंद म्हणजे उरलेल्या खेळ्यांची संख्या. वीस सेकंद म्हणजे फार तर वीस खेळ्या, आणि त्यात मात बसत नसेल तर जिंकण्याचा बेतच बदलायला हवा.

३० सेकंदांच्या इन्क्रिमेंटवर वेळ साठवता येतो आणि तो साठवायलाच हवा. समोरच्याला प्रगती करता येत नसेल तेव्हा चार निरुपद्रवी खेळ्या पाच-पाच सेकंदांत खेळल्या की शंभर सेकंद जमा होतात. एवढ्यात एक गंभीर निर्णय नीट घेता येतो. इथे एक धोका असतो. तीच स्थिती, त्याच खेळाडूची पाळी, अशी तिसऱ्यांदा आली की समोरचा बरोबरी मागू शकतो. हत्ती नेऊन परत आणला की स्थिती दुसऱ्यांदा येते. पुढच्या फेऱ्यात परत त्याच जागी येऊ नका. राजा किंवा हत्ती वेगळ्या घरात ठेवून फेरा संपवा. तुम्ही जिंकत असाल तर हे विसरणे महागात पडते. बचावात असाल तर नेमके तेच तुम्हाला हवे असते.

पाच सेकंदांत ठरवायची गोष्ट

एंडगेममध्ये शिरताना, किंवा घड्याळ एका मिनिटाखाली गेले की लगेच, स्वतःला एकच प्रश्न विचारा: मी जिंकायला खेळतो आहे, टिकायला खेळतो आहे, की समोरच्याची ताकद संपवायला खेळतो आहे? उत्तर ठरले की पुढच्या सगळ्या खेळ्या त्या बाजूला. दर चार खेळ्यांनी बेत बदलणारा खेळाडू वेळही घालवतो आणि स्थितीही.

जिंकायचे असेल तर मोहऱ्यांची मारामारी (अदलाबदल) करा, प्यादी राखा. टिकायचे असेल तर प्यादी मारून कमी करा, मोहरे राखा. हत्तींच्या शेवटात सगळी प्यादी पटाच्या एकाच बाजूला असतील तर एका जादा प्याद्याने सहसा जिंकता येत नाही. चार प्याद्यांविरुद्ध तीन असताना बचाव करणाऱ्या काळ्याने आपली प्यादी एफ७, जी६, एच५ (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी रांग) अशी लावली की ती रचना टिकते, आणि पुढच्या वीस खेळ्या फारसा विचार न करता खेळता येतात. अशी तयार रचना हेच टंचाईतले खरे भांडवल.

तिसरा मार्ग, ताकद संपवण्याचा, इन्क्रिमेंट नसलेल्या डावांत सगळ्यात जास्त उपयोगी आणि सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या नियमानुसार तुमचा झेंडा पडला तरी समोरचा कोणत्याही कायदेशीर खेळ्यांच्या मालिकेने तुम्हाला मात करू शकत नसेल तर डाव बरोबरीत सुटतो. समोर नुसता राजा उरला असेल तर तुम्ही वेळेवर हरूच शकत नाही. म्हणून चार सेकंद उरले आहेत, तुमच्याकडे हत्ती आहे, त्याच्याकडे घोडा आणि एक प्यादे आहे, अशा वेळी हत्ती देऊन ते प्यादे मारून टाका. राजाविरुद्ध राजा-घोडा, डाव तिथेच बरोबरीत संपतो.

हत्ती हातात ठेवून झेंडा पडला तर मात्र हार लिहिली जाते. राजा-हत्तीविरुद्ध राजा-घोडा या स्थितीत मात होणे कायदेशीर खेळ्यांनी शक्य आहे, कारण तुमचाच हत्ती तुमच्या राजाची वाट अडवू शकतो. तुमचा राजा ए१ वर, हत्ती बी१ वर, समोरचा राजा ए३ वर आणि घोडा सी२ वर आला की मात. असे कोणी आपणहून खेळणार नाही, पण नियम शक्यता पाहतो. हत्तीऐवजी वजीर असेल तर उत्तर पुन्हा बदलते. नुसत्या घोड्याला राजा-वजिराविरुद्ध मात करताच येत नाही, कारण जवळ उभा असलेला वजीर घोड्याला मारू शकतो, त्यामुळे झेंडा पडला तरी बरोबरी. चेस डॉट कॉम या संकेतस्थळावर वेळ संपली आणि समोर राजासोबत नुसता एक घोडा किंवा नुसता एक उंट असेल तर बरोबरी देतात. लीचेस या दुसऱ्या संकेतस्थळाचा नियम फिडेच्या जवळचा आहे. जिथे खेळता तिथला नियम डावाआधी वाचून ठेवा.

यातून एक सल्ला निघतो तो घड्याळ पाहूनच द्यावा लागतो. तुम्ही जिंकत आहात आणि समोरच्याचे एकच हलणारे प्यादे उरले आहे. ते मारायचे की ठेवायचे? इन्क्रिमेंट असेल आणि तुमच्याकडे वजीर असेल तर ते प्यादे काही काळ राहू द्या. त्याला खेळायला खेळी असली की चुकून स्टेलमेट (शह नसताना खेळीच न उरणे, म्हणजे बरोबरी) होत नाही. इन्क्रिमेंट नसेल तर ते प्यादे आधी मारा. स्टेलमेट झाले तर अर्धा गुण जातो, प्यादे राहून झेंडा पडला तर पूर्ण गुण जातो. पुष्कळ खेळाडू दोन्ही वेळा एकच सवय वापरतात आणि एकदा तरी फसतात.

विचार कुठे खर्च करायचा

टंचाईत सगळ्या खेळ्यांना सारखा वेळ देणे ही सर्वात मोठी चूक. परत न फिरवता येणाऱ्या खेळ्या तीन प्रकारच्या: शेवटचा मोहरा मारून नुसत्या प्याद्यांच्या शेवटात जाणे, प्यादे पुढे ढकलणे, आणि मोहरा देऊन बरोबरी घेणे. घड्याळात साठ सेकंद असतील तर यातल्या पहिल्या प्रकाराला वीस सेकंदसुद्धा द्या. बाकी राजाच्या आणि हत्तीच्या फिरत्या खेळ्यांना एक-दोन सेकंद.

प्याद्यांच्या शेवटात उतरण्याआधीचे वीस सेकंद असे वापरा. माझे प्यादे वजीर व्हायला किती खेळ्या, त्याचे किती, आणि मारामारी संपल्यावर पाळी कोणाची, हे मोजा. दोघांचे वजीर एकामागोमाग होत असतील तर माझा वजीर होताना शह बसतो का, किंवा त्याचा वजीर होताच माझ्या हातात शह आहे का, ते पाहा. मोजून उत्तर आले नाही तर मारामारी करू नका. हत्तीच्या शेवटात एखादी ढिली खेळी चालून जाते, प्याद्यांच्या शेवटात ती डाव घेऊन जाते.

राजा प्याद्याला गाठेल का, हे खेळ्या मोजून पाहू नका, चौकोन पाहा. पांढरे प्यादे बी४ वर असेल तर बी४, बी८, एफ८, एफ४ हा चौकोन. काळ्याची पाळी असेल आणि त्याचा राजा एका खेळीत या चौकोनात शिरत असेल तर तो प्यादे गाठतो. प्यादे मूळ घरात असेल तर ते तिसऱ्या रांगेत आहे असे धरून चौकोन काढा, कारण ते दोन घरे उडी घेऊ शकते. ही मोजणी एका सेकंदात व्हायला हवी.

राजा आणि प्यादे

इथे तीन नियम पाठ असले की बहुतेक स्थिती सुटतात. पांढऱ्याचा राजा स्वतःच्या प्याद्यापुढे सहाव्या रांगेत पोहोचला की, कडेचे प्यादे सोडून, डाव जिंकलेला आहे, पाळी कोणाचीही असो. म्हणून जिंकणाऱ्याने राजा पुढे, प्यादे मागे. घाईत हात प्याद्याकडे जातो, आणि तिथेच अर्धा गुण निसटतो.

बचाव करणाऱ्याने मागे हटताना सरळ मागे हटायचे. पांढरा राजा ई५, प्यादे ई६, काळा राजा ई७, पाळी काळ्याची. ई८ हीच एक खेळी. मग राजा डी६ आला तर डी८, प्यादे ई७ शह दिला तर राजा ई८, आणि पांढऱ्याने प्यादे राखायला राजा ई६ ला आणला की स्टेलमेट. पहिल्याच खेळीला राजा डी८ वर गेला तर पांढरा डी६ ला येऊन ऑपोझिशन घेतो (राजे समोरासमोर, पाळी समोरच्याची), राजा ई८, प्यादे ई७, राजा एफ७, राजा डी७ आणि वजीर थांबत नाही. ही स्थिती दोन्ही बाजूंनी डोळे मिटून खेळता आली पाहिजे.

कडेच्या प्याद्यासमोर बचावाचा राजा कोपऱ्यात पोहोचला की बरोबरी. जिंकणाऱ्याकडे उंट असला तरी तो वजीर होण्याच्या घराच्या रंगाचा नसेल तर बरोबरीच. एच८ हे काळे घर आहे. म्हणजे पांढऱ्याचे एच प्यादे आणि पांढऱ्या घरांचा उंट असेल तर काळ्या राजाने थेट एच८ चा कोपरा गाठायचा आणि तिथेच हलत राहायचे. उलट बाजूने खेळणाऱ्याने मारामारी करण्याआधी हे तपासायलाच हवे. एका चुकीच्या मारामारीनंतर दोन प्याद्यांची आघाडीही कामाची राहत नाही.

वजिराविरुद्ध सातव्या घरात पोहोचलेले प्यादे: मधले किंवा बी-जी पट्टीवरचे असेल तर वजीर जिंकतो. शह देत देत राजाला प्याद्यापुढच्या घरात जायला लावायचे, तेवढ्यात आपला राजा एक पाऊल जवळ आणायचा, पुन्हा शह. सी किंवा एफ पट्टीवर राजा कोपऱ्यात जातो आणि प्यादे मारले की स्टेलमेट होते. ए आणि एच पट्टीवरही स्टेलमेटमुळेच सुटका होते. जिंकणाऱ्याचा राजा फार जवळ नसेल तर या चार पट्ट्यांवर बरोबरी मिळते.

हत्तींचा शेवट

डावांत सर्वात जास्त येणारा शेवट हाच, म्हणून इथे थोडे थांबू.

बचावाची पहिली रचना फिलिडॉरची. पांढरा राजा डी५, प्यादे ई५. काळा राजा ई८, काळा हत्ती ए६. काळ्याने काय करायचे? हत्ती सहाव्या रांगेतच इकडे तिकडे, काहीच नाही. पांढरा राजा सहाव्या रांगेत शिरू शकत नाही. प्यादे ई६ ला आले की त्याच खेळीला हत्ती ए१ ला न्यायचा आणि मागून शह सुरू करायचे. आता पांढऱ्या राजाला शहांपासून लपायला प्याद्यापुढचे घर राहिलेले नाही. टंचाईत होणारी चूक ठरलेली आहे: प्यादे पुढे येण्याआधीच हत्ती खाली नेऊन शह देत बसणे. मग राजा ई६ ला पोहोचून प्याद्याच्या आडोशाला जातो. दुसरी चूक म्हणजे प्यादे ई६ ला आल्यावरही हत्ती सहाव्या रांगेत ठेवणे. सूत्र एवढेच: प्यादे सहाव्या रांगेत येईपर्यंत थांबा, आले की लगेच मागे जा.

जिंकण्याची रचना ल्यूसेनाची. पांढरा राजा जी८, प्यादे जी७, हत्ती एफ१. काळा राजा ई७, हत्ती एच२. पहिली खेळी हत्ती एफ४. काळा हत्ती एच१ ला थांबला की हत्ती ई४ शह. राजा एफ६ ला आला तर आपला राजा एफ८ आणि प्यादे पार. राजा डी७ ला गेला तर राजा एफ७, शह, राजा जी६, शह, राजा एफ६, शह, राजा जी५, शह, आणि हत्ती जी४ ला आडवा. पूल बांधला जातो आणि शह संपतात. घाईत विसरते ते पहिले पाऊल. हत्ती चौथ्याच रांगेत का? कारण राजा खाली उतरून पाचव्या रांगेत येतो तेव्हा हत्तीला त्याच्या शेजारी उभे राहायचे असते.

कडेच्या प्याद्यासाठी तिसरी रचना ठेवा. पांढरे प्यादे ए६, पांढरा हत्ती ए८. काळा राजा जी७, काळा हत्ती एफ६. हत्ती बाजूने प्याद्यावर नजर ठेवतो, त्यामुळे पांढरा हत्ती हलू शकत नाही. पांढरा राजा प्याद्याच्या मदतीला बी५ ला आला की हत्ती एफ५ शह, राजा सी६ तर एफ६ शह. प्यादे ए७ ला गेले तर हत्ती त्याच्या मागे ए पट्टीवर. राजा जी७ किंवा एच७ सोडून कुठेही नेऊ नका.

यापलीकडची स्थिती आली आणि काहीच सुचत नसेल तर हत्ती वाट मोकळी असलेल्या प्याद्याच्या मागे ठेवा, मग ते प्यादे तुमचे असो की त्याचे. बाजूने शह द्यायचे असतील तर हत्ती आणि प्यादे यांच्यात तीन पट्ट्यांचे अंतर हवे. राजा एका बाजूला जाणार असेल तर तो पटाच्या अरुंद बाजूला, हत्ती रुंद बाजूला.

हत्ती-उंटाविरुद्ध हत्ती ही सर्वसाधारणपणे बरोबरी, पण बचाव कसोटी पाहणारा. राजा आणि हत्ती दोघेही कडेपासून दुसऱ्या रांगेत एकमेकांजवळ ठेवण्याची पद्धत टंचाईत सगळ्यात सोपी. हत्तीविरुद्ध नुसता उंट असेल तर राजा उंटाच्या विरुद्ध रंगाच्या कोपऱ्यात न्या. हत्तीविरुद्ध घोडा असेल तर घोडा राजापासून लांब सोडू नका. एकटा पडलेला घोडा अडकतो.

मात करताना

वजिराने मात जास्तीत जास्त १० खेळ्यांत, हत्तीने १६, दोन उंटांनी १९ आणि उंट-घोड्याने ३३ खेळ्यांत बसते, अचूक खेळले तर. माणूस घाईत याहून जास्त घेतो, म्हणून इन्क्रिमेंट नसताना हत्तीच्या मातीला पटावर पंचवीस-तीस सेकंद हाताशी हवेत.

वजिराची पद्धत: वजीर समोरच्या राजापासून घोड्याच्या उडीवर ठेवा आणि राजा जिकडे जाईल तिकडे तसाच सरकवा. काळा राजा ई५ वर असेल तर वजीर डी३. राजा ई६ ला गेला तर वजीर डी४. राजा एफ६ ला गेला तर वजीर ई४. राजा कडेला पोहोचला की नक्कल करणे बंद. राजा कोपऱ्यात आणि वजीर घोड्याच्या उडीवर म्हणजे स्टेलमेट, आणि घाईत अर्धे गुण इथेच जातात. त्याऐवजी वजीर दुसऱ्या रांगेत थोडा दूर ठेवा. काळा राजा ए८-बी८ वर हलतो आहे आणि वजीर डी७ वर आहे, तर त्याला नेहमी एक खेळी शिल्लक असते. आता वजिराला हात लावायचा नाही. फक्त राजा बी६ पर्यंत आणायचा आणि वजीर बी७ ला मात.

हत्तीची पद्धत: हत्तीने रांग अडवा, राजा त्या रांगेखाली आणा. दोन्ही राजे समोरासमोर आले आणि पाळी तुमची असेल तर शह. राजा एक रांग मागे जातो. राजे घोड्याच्या उडीवर असतील आणि पाळी तुमची असेल तर हत्ती त्याच रांगेत एक घर सरकवून पाळी त्याच्याकडे द्या. हत्तीवर राजा चालून आला तर त्याच रांगेच्या दुसऱ्या टोकाला जा. या तीन उत्तरांपलीकडे विचार लागत नाही.

उंट-घोड्याच्या मातीची आशा टंचाईत धरू नये. २०१३ मध्ये जिनिव्हा इथल्या महिला ग्रां प्री स्पर्धेत तेव्हाची जगज्जेती ॲना उशेनिना हिला ओल्गा गिर्याविरुद्ध ही मात पन्नास खेळ्यांच्या मर्यादेत (त्यानंतर बरोबरी मागता येते) बसवता आली नव्हती. वेगळी वाट असेल तर एखादे प्यादे राखून ठेवा.

स्टेलमेटची शंका असेल तर प्याद्याचा वजीर न करता हत्ती करा. मातीला थोड्या खेळ्या जास्त लागतात, पण कोपऱ्यातला फास टळतो.

समोरच्याच्या घड्याळावर खेळणे

त्याचीही वेळ कमी असेल तर त्याला सोपी उत्तरे देऊ नका. ज्या शहाला एकच उत्तर आहे तो शह त्याला विचारापासून सोडवतो. ज्या शांत खेळीला तीन बरी वाटणारी उत्तरे आहेत ती त्याचे सात-आठ सेकंद घेते. ऑनलाइन खेळताना मात्र शहाचा दुसरा उपयोग असतो: त्याने आधीच ठरवून ठेवलेली प्रीमूव्ह शहाने बहुधा रद्द होते आणि त्याला नव्याने पाहावे लागते. म्हणून पटावर शांत खेळी, पडद्यावर अधूनमधून शह.

त्याच्या वेळेत तुम्ही दोनच गोष्टी पाहा: पुढच्या खेळीत तो मला शह देऊ शकतो का, आणि माझा कोणता मोहरा राखणीविना आहे. घड्याळाकडे नजर फक्त ते दाबल्यानंतर. खेळीच्या मध्ये आकडा पाहिला की हात थरथरतो आणि मोहरा शेजारच्या घरात पडतो.

हात, घड्याळ आणि पंच

ज्या हाताने मोहरा हलवला त्याच हाताने घड्याळ दाबायचे. प्यादे बढतीला नेताना, मारताना दोन्ही हात वापरून घड्याळ दाबले तर ती बेकायदा खेळी धरतात. पहिल्या बेकायदा खेळीला समोरच्याला दोन मिनिटे जास्त मिळतात, ब्लिट्झमध्ये एक मिनिट. दुसऱ्या वेळी डाव जातो. प्यादे शेवटच्या रांगेत ठेवून वजीर न ठेवताच घड्याळ दाबणे हीसुद्धा बेकायदा खेळी, आणि त्या प्याद्याचा वजीरच धरला जातो. म्हणून बढतीआधी दोन-तीन खेळ्या असतानाच मारलेला वजीर हाताजवळ आहे का ते पाहून ठेवा. नसेल तर घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो. उलटा ठेवलेला हत्ती हा हत्तीच मानतात. प्यादे आधी उचलून वजीर थेट शेवटच्या घरात ठेवला तरी चालते, एकाच हाताने.

मोहरे पडले तर ते स्वतःच्या वेळेत उभे करायचे, घड्याळ दाबून समोरच्याच्या वेळेत नाही. त्याने तसे केले तर हुज्जत न घालता घड्याळ थांबवून पंचांना बोलवा.

स्टँडर्ड डावात पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ उरली आणि इन्क्रिमेंट ३० सेकंदांपेक्षा कमी असेल तर खेळ्या लिहिणे थांबवता येते. पण लिहिलेल्या खेळ्या नसतील तर तिहेरी पुनरावृत्ती किंवा पन्नास खेळ्यांचा दावा सिद्ध करणे अवघड होते. दावा करताना, पाळी तुमची असताना, खेळी पटावर न खेळता कागदावर लिहा आणि पंचांना सांगा. आधी खेळली की त्या खेळीपुरता हक्क गेला. दावा चुकीचा ठरला तर समोरच्याला दोन मिनिटे मिळतात. तीच स्थिती पाच वेळा आली किंवा प्यादे न हलता आणि काहीही न मारता दोघांच्याही ७५ खेळ्या झाल्या तर डाव दाव्याविनाच बरोबरीत संपतो.

इन्क्रिमेंट नसलेल्या स्टँडर्ड किंवा रॅपिड स्पर्धेत, आयोजकांनी तसे आधी जाहीर केले असेल तर, आणखी एक मार्ग असतो. दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ उरली असताना, पाळी तुमची असेल तर, दोघांनाही पाच सेकंदांचे इन्क्रिमेंट लावण्याची विनंती पंचांना करता येते. ती बरोबरीचा प्रस्तावही मानली जाते. समोरच्याने बरोबरी नाकारली आणि पंचांनी विनंती मान्य केली तर घड्याळ तसे लावतात आणि समोरच्याला दोन मिनिटे जास्त देतात. ब्लिट्झमध्ये ही सोय नाही. डाव सुरू होण्याआधी पंचांना विचारून घ्या, झेंडा पडताना नाही.

पडद्यावर

लीचेसवर प्रीमूव्हला वेळ लागत नाही, चेस डॉट कॉमवर एका प्रीमूव्हला ०.१ सेकंद जातो. चेस डॉट कॉमवर एकामागोमाग अनेक प्रीमूव्ह लावता येतात, लीचेसवर एकच. प्रीमूव्ह तेव्हाच लावा जेव्हा समोरच्याच्या कोणत्याही उत्तराने तुमचा मोहरा जात नाही. समोर नुसता राजा असेल तर तो एका खेळीत पोहोचू शकत नाही अशा घरात हत्ती किंवा वजीर ठेवा. स्टेलमेट ज्या खेळीने होऊ शकते ती कधीही प्रीमूव्ह करू नका. प्यादे आपोआप वजीर होण्याची सोय चालू ठेवा, आणि ती एखाद्या वेळेपुरती बंद कशी करायची हे डावाआधीच पाहून ठेवा.

सराव कसा करावा

रोज पंधरा मिनिटे पुरतात, पण ती घड्याळ लावूनच. पटावर इन्क्रिमेंटशिवाय वजिराची मात २० सेकंदांत, हत्तीची ४० सेकंदांत, ल्यूसेना २० सेकंदांत. सलग पाच वेळा जमले की वेळ पाच सेकंदांनी कमी करा. फिलिडॉरचा बचाव एक मिनिट घेऊन, समोर संगणक किंवा जोडीदार ठेवून, ५० खेळ्या टिकवून दाखवा. ई६-ई५ ची प्याद्याची स्थिती दोन्ही रंगांनी दहा-दहा वेळा, दर खेळीला एक सेकंद. एकच स्थिती पटावर चार वेगवेगळ्या कोपऱ्यांत आणि दोन्ही रंगांनी मांडा. एका कोपऱ्यात पाठ झालेले तंत्र आरशातल्या स्थितीत ऐनवेळी ओळखू येत नाही, आणि टंचाईत तेवढा उशीरही पुरेसा असतो.

स्वतःच्या डावांतून झेंडा पडलेले किंवा जिंकता जिंकता सुटलेले शेवट वेगळे काढा. प्रत्येकात कोणत्या खेळीला किती सेकंद गेले ते पाहा. ऑनलाइन डावांत ते दिसतेच. जिथे फिरत्या खेळीला आठ सेकंद गेले आणि प्यादे ढकलायला एक, ती स्थिती सरावाच्या यादीत घाला.